उसना हात

सोलापूरच्या त्या पुनश्चलन प्रयोगशाळेत यंत्रांपेक्षा ज्वारीचं पीठच जास्त दिसत होतं. समोरासमोर दोन काठवटी. एकीपाशी सुगलाबाई हत्तुरे, दुसरीपाशी त्यांचे यजमान मल्लिनाथ, आणि दोघांच्या डोक्यावर तारांचे टोप. मल्लिनाथ शिंपी होते. पक्षाघाताच्या झटक्यात त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. कातर धरायचा हातच गेला तर जगायचं कशाला, असं ते उघड बोलून दाखवत.

हात तसा धडधाकट होता. मेंदूतला, तो हलवण्याचा नकाशा तेवढा पुसला गेला होता. टोप दात्याच्या, म्हणजे धड हाताच्या माणसाच्या, मेंदूतली हालचालीची आज्ञा टिपायचा आणि त्याच क्षणी ती रुग्णाच्या मेंदूच्या शाबूत भागात उमटवायचा. रोज उमटवत राहिलं की तिथे नवा नकाशा तयार होई. दाता कोण, यावरून मात्र टोप बनवणारे डॉ. फैयाज मुजावर आणि फिजिओथेरपिस्ट डॉ. तेजल इंगळगी यांचं चांगलंच वाजलं. मुजावरांना तालमीतला एखादा तरणा गडी हवा होता.

"नक्कल हुबेहूब होते, तेजल," ते म्हणाले. "दात्याच्या हातात असेल ते सगळं उतरणार. खोडसुद्धा."

"ढवळ्याशेजारी पवळा बांधायचाच, तर घरचाच बांधू या की," तेजल म्हणाली. "त्या हाताची भाकरी यांनी जन्मभर खाल्लीय."

सुगलाबाईंचा हात डोळे मिटूनही चालावा असं काम एकच, भाकरी थापणं. म्हणून भाकरी. मल्लिनाथांचं तोंड एवढंसं झालं. आता या वयात आपण भाकऱ्या बडवायच्या? बायकोने ऐकवलं की आजवर आयत्या गिळल्या, आता कळू दे जरा.

आधी बोटं हलली, मग तळवा, आणि एका सकाळी मल्लिनाथांच्या हाताखाली भाकरी गरकन फिरली. ते रडले. त्याच हाताने डोळे पुसायला गेले आणि पीठ डोळ्यांत गेलं. पुढे एकदा थापून झाल्यावर त्यांनी भाकरीच्या कडेवरून अंगठा फिरवला. शिवण तपासायची ही त्यांची जुनी सवय होती. उसन्या नकाशात मूळ मालक राहायला आला होता, आणि तेजलला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

मग भाकरी चिरायला लागली. दरवेळी एकाच ठिकाणी. मल्लिनाथांची करंगळी मागे राहत होती. सुगलाबाई म्हणाल्या की पीठच जुनं आहे, विरी गेलीय, चिकटपणा उरला नाही, माझीही चिरते. ताजी ज्वारी दळून आणली तरी चीर काही जाईना. दुसरा झटका येतोय की काय, या भीतीने मल्लिनाथांच्या मेंदूची तपासणी झाली. तिथे काहीच सापडलं नाही. मुजावरांनी टोप खोलून बघितला, तोही ठीक. अखेर ते म्हणाले की नकाशाच बिघडलाय, तो पुसून नव्या दात्यापासून सुरुवात करू.

मल्लिनाथांनी कालच कातरीने जुन्या चादरीचा तुकडा सरळ कापला होता. पुसायचं म्हणजे पुन्हा लुळा हात. ते तेजलला म्हणाले, मला भीती वाटते, बाई, यातून मी परत उठणार नाही.

तेजल थांबली आणि तिने पहिल्यापासून मांडणी केली. मल्लिनाथांचा मेंदू ठीक, टोप ठीक, आणि नक्कल हुबेहूब. मग बिघाड आला कुठून? तिने पलीकडच्या काठवटीत पाहिलं. इतके दिवस सगळ्यांचे डोळे रुग्णाच्या हातावर होते. सुगलाबाईंची भाकरी कुणी नीट पाहिलीच नव्हती. तीही अगदी त्याच जागी चिरली होती.

"तपासणी यांची करायला हवी," ती म्हणाली.

मला काय धाड भरलीय, असं म्हणत सुगलाबाई हसत हसत आत गेल्या. त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूची एक रक्तवाहिनी जवळजवळ बुजली होती. नवऱ्याला आला तसलाच झटका त्यांच्या दाराशी उभा होता. त्यांनी मात्र पिठाला नावं ठेवली होती. हे ऐकताना मल्लिनाथांनी त्यांचा हात घट्ट धरला, उजव्या हाताने.

उपचार वेळेवर झाले. संकट टळलं, करंगळी तेवढी अधू राहिली. मल्लिनाथांच्या भाकरीची चीर नक्कल थांबवताच सरावाने गेली, कारण त्यांच्यात उतरली होती ती चूक. तिच्यामागचा आजार नव्हे. आता सुगलाबाईंसाठी दाता हवा होता. मुजावर पुन्हा तालमीतल्या गड्यांचा विषय काढणार, तोच मल्लिनाथांनी दात्याचा टोप स्वतःच्या डोक्यावर चढवला.

"हिचा धड असतानाचा हात माझ्यापाशी आहे," ते म्हणाले. "आणि उसनं पीठ परत करताना वाटी सपाट द्यायची नसते, डॉक्टर. शिगोशीग द्यायची."

पुढे सुगलाबाईंनी घरी, आपल्या चुलीपाशी, पहिली अखंड भाकरी थापली. तव्यावर टाकण्याआधी त्यांनी तिच्या कडेवरून हळूच अंगठा फिरवला. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. मल्लिनाथ समोर ताट घेऊन बसले होते, त्यांनी ते पाहिलं आणि ताट पुढे केलं.