सिस्टर म्हणणार नाही

"बाबा, हात पुढे करा," मी म्हटलं आणि गुंडाळलेलं बाळ त्याच्या हातात दिलं.

बिचारा बाबा नव्हताच. बाळांना ऊब देणारा आमचा दिवा बंद पडला होता, तो दुरुस्त करायला आलेला माणूस मास्क लावून दारात उभा होता. खरे बाबा चक्कर येऊन बाहेर बसले होते. यानं हातातला स्क्रूड्रायव्हर हळूच खिशात सारला आणि बाळाकडे असा बघत राहिला की मीही कामाचं विसरले. तिथेच सगळं थांबलं असतं तर बरं झालं असतं.

"मी... मेकॅनिक आहे," तो कुजबुजला.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या हक्कानं दिलंत. नाही कसं म्हणणार?"

मोठ्या सिस्टरांनी मला फैलावर घेतलं, ते वेगळंच.

त्यानंतर तो दिवा वरचेवर बिघडू लागला. म्हणजे दिवा ठणठणीत होता, बिघाड दुसरीकडेच होता. येणारे-जाणारे सगळे मला सिस्टर म्हणत. हा मात्र काही केल्या म्हणेना.

"अहो... ऐकलंत का?" एकदा त्यानं भर वॉर्डात हाक मारली. टाके दुखत असूनही सगळ्या बाळंतिणी खुदुखुदु हसल्या.

"ही काय हाक मारायची पद्धत? सिस्टर म्हणा," मी दटावलं.

"ते सोडून काहीही म्हणायला सांगा."

"का, जीभ झडेल?"

"जीभ नाही... पुढची वाटच बंद होईल."

मी नाक मुरडून आत पळाले. गाल तापले होते. ताई गेल्यापासून इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

हळूहळू ड्युटी संपल्यावर भेटणं सुरू झालं, अहो-जाहोचं अरे-तुरे झालं. माझ्या अंगाला जंतुनाशकाचा वास, त्याच्या हातांना ग्रीसचा. तरी तो शेजारी बसला की मला तिथून उठावंसं वाटत नसे. घरी परतले की मात्र जीव कातर व्हायचा. हे टिकणार नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

"लग्न करू या?" माझ्या ड्युटीच्या मधल्या सुट्टीत, हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर, त्यानं एका दुपारी विचारलं, अजून एक चहा सांगू का विचारावं तसं.

मग मी त्याला ताईचं सांगितलं. माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली, रक्त थांबलंच नाही. बाळही हाती लागलं नाही. मी बाहेरच्या बाकावर आईचा हात धरून बसले होते. तेव्हाच ठरवलं, कुणाचं काय चुकलं ते शोधून काढायचं. म्हणून नर्स झाले, म्हणून सुईणपणाचं वेगळं शिक्षण घेतलं.

"मग... सापडलं?"

"कुणाचंच काही चुकलं नव्हतं रे. सगळं वेळेवर केलं होतं त्यांनी. आज मीही तेच केलं असतं. तरी ताई गेली."

त्यानं कप खाली ठेवला. चहा निवत होता.

"रोज बायकांना सांगते, घाबरू नका, मी आहे ना. मला कुणी सांगितलं तर माझा विश्वास बसेल का? मला मूल नको. कधीच नको."

"नको तर नको," तो लगेच म्हणाला. "माझ्यासाठी तू पुरेशी आहेस."

"माझ्याकडे बघून सांग."

त्यानं बघितलं... आणि त्याचे डोळे भरले.

"दत्तक घेऊ, असंही आत्ता स्वतःला सांगून पाहिलं," तो अडखळत म्हणाला. "आईला नातवंड हवंय, असं तिचं नाव पुढे करत नाही. मलाच हवीये... तुझ्यासारखी नाक मुरडणारी पोरगी. तुझीच. तोंडानं नको म्हणेनही गं, पण मनातून जाणार नाही. तुला फसवू कसं?"

मी त्याचा हात माझ्या हातात घेतला. त्याच्यावर इतकं प्रेम मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

"मग जा," मी म्हटलं. "मिळेल तुला अशी पोरगी. दुसऱ्या कुणाकडून."

"तू थांबवशील, असं वाटतंय मला..."

"नाही थांबवणार."

तो गेला. कोपऱ्यावर एकदा वळून बघितलं, मग दिसेनासा झाला. मी दोन्ही कप उचलून परत दिले आणि वॉर्डात गेले, कारण आत एकीच्या कळा वाढल्या होत्या.

त्याला कधी कळणार नाही, पण त्या दुपारी मी लग्नाला हो म्हणायचं ठरवूनच आले होते. त्यानं फक्त एकदा, माझ्याकडे बघून, खोटं बोलायला हवं होतं.