दाराजवळचं मशीन

“रेघ दिसते का गं तुला?” आप्पांनी आतून विचारलं, तेव्हा अनुसूया दुकानाच्या पायरीशी चपला काढत होती. ती मुलींच्या शाळेत शिकवायची आणि शाळा सुटली की घरी जाण्याआधी वडिलांच्या दुकानात यायची. काळ्या लोकरीच्या कापडावर आप्पांनी खडूने ओढलेल्या रेघा बोटाने दाखवून ती सांगायची, ही इथे तुटली आहे, ही बाहीच्या मुंढ्याशी जरा वर गेली आहे. चिकपेटेतल्या त्या बोळात उजेड दारापर्यंत यायचा आणि तिथेच संपायचा. कापायचं टेबल होतं आत, मागच्या भिंतीला लागून. त्यावर बल्ब होता, पण बल्बखाली काळं आणि गडद निळं एकच दिसतं, आणि काळ्यावरची रेघ तर आप्पांना गेली काही वर्षं जवळजवळ दिसतच नव्हती…

जिथे उजेड होता तिथे, अगदी दाराजवळ, शिलाईचं मशीन होतं. पेठेतल्या साऱ्या दुकानांत याच्या उलट असे. पुढे मास्तरचं टेबल, मागे अंधारात मशीनवाले. फक्त आप्पांच्या, म्हणजे विठोजी मास्तरांच्या दुकानात गिऱ्हाइकाला मशीनला वळसा घालून आत यावं लागे. टेबल पुढे घेऊ या, असं अनुसूयेने किती वेळा म्हटलं असेल. आप्पा दर वेळी एकच उत्तर देत, की राहू दे, ती नरसूची जागा आहे.

आणि आप्पांचा हा धाकटा भाऊ, नरसिंह काका, त्या जागेवर आठ वर्षांत बसले नव्हते.

त्या संध्याकाळी टेबलावर हणमंतरावांच्या थोरल्या मुलाचा कोट होता. माघात लग्न. हणमंतराव स्टुलावर बसून घाई करत होते. “मास्तर, कोट लग्नाला द्या हं, बारशाला नको.”

“बारशालासुद्धा तोच घालेल, असा देतो,” आप्पा म्हणाले आणि स्वतःच हसले.

पाठ आणि बाह्या कापून झाल्या होत्या. पुढचे भाग सकाळी कापू म्हणून आप्पांनी कापडावर चादर टाकली, कात्री पुसून ठेवली. घरी जाताना वाटेत अवरेकाईचे, पावट्याच्या शेंगांचे ढीग लागले होते. आप्पांनी शेंगा हुंगून पाहिल्या, चांगल्या वासाच्या निवडून घेतल्या. जेवण होईपर्यंत अव्वा आणि अनुसूया दोघी मायलेकी त्या सोलत बसल्या, आणि आप्पा भिंतीला टेकून उगाच काहीबाही विचारत राहिले, शाळेत कोण आलं, कोण गेलं… इतका साधा दिवस होता तो. पुढे किती तरी दिवस अनुसूया त्या संध्याकाळीत एखादी खूण शोधत राहिली आणि तिला एकही सापडली नाही.

सकाळी अव्वा कॉफी घेऊन गेली, तेव्हा आप्पा उठले नाहीत.

यशवंतपूरला काकांकडे निरोप गेला. नरसिंह काका आले ते अनवाणीच. दारात क्षणभर थबकले, जणू कुणी आत ये म्हणेल म्हणून. मग अव्वाने “नरसू, ये रे,” एवढंच म्हटलं आणि ते आप्पांच्या पायांशी कोसळले. आप्पांना मुलगा नव्हता. अग्नी काकांनी दिला, दहाव्याला पिंड काकांनी ठेवले. त्या सगळ्या दिवसांत ते अव्वाशी बोलले, भटजींशी बोलले, अनुसूयेच्या डोक्यावरून हात फिरवला. पण आप्पांचं नाव त्यांच्या तोंडातून एकदाही निघालं नाही.

का निघालं नाही, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

लहानपणी काकांना देवी आल्या होत्या आणि त्यात डावा डोळा अधू झाला होता. आईवडील लवकर गेले. थोरल्या भावाने धाकट्याला वाढवलं, मशीनवर बसवलं, लग्न करून दिलं. पण कात्री हातात दिली नाही. काका मागत, आप्पा म्हणत, पुढे बघू. वर्षं गेली. गिऱ्हाइकं दारात काकांच्या डोक्यावरून विचारत, मास्तर आत आहेत का रे? काका मान न उचलता आत बोट दाखवत. आणि मग एकदा आप्पा तापाने घरी असताना काकांनी एका गिऱ्हाइकाचा कोट आपल्या हाताने कापला. दोन दिवसांनी आप्पा दुकानात आले, टेबलावरचे कापलेले भाग त्यांनी पाहिले, आणि त्या गिऱ्हाइकासमोरच म्हणाले, “कापड एका डोळ्याने कापत नाहीत, नरसू.”

काकांनी मशीनवर झाकण घातलं आणि ते उठून गेले. पुढे यशवंतपूरला कारखान्यांच्या बाजूला त्यांनी छोटं दुकान टाकलं, कामगारांचे खाकी पोशाख शिवू लागले. अव्वा आणि ठकुबाई काकू एका लग्नात भेटल्या, तेव्हा स्वयंपाकघरामागे गळ्यात गळा घालून रडल्या आणि पंगतीत मात्र दूरदूर बसल्या. अनुसूया तेव्हा शाळकरी होती. काकांच्या मशीनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करतच ती वाढली होती… पण तिने मनातल्या मनात आप्पांची बाजू घेतली. वडिलांची बाजू घ्यायला कारण लागत नाही.

ती बाजू हलली एका दुपारी.

काका गेल्यावर आप्पा कापायचं आणि शिवायचं, दोन्ही एकटेच करत. त्या दुपारी ते काकांच्या स्टुलावर बसून बाही जोडत होते. मान न वळवता त्यांनी अनुसूयेला टेबलाशी जाऊन उभं राहायला सांगितलं आणि म्हणाले, माझ्याकडे बघत राहा. ती बघत राहिली. मशीन चाललं, थांबलं, पुन्हा चाललं, आणि मग आप्पांचे खांदे हळूहळू खाली गेले.

“पाठ भाजते गं,” ते म्हणाले. “मागून कुणी बघत असलं की पाठ भाजते. माझी नजर या पाठीवर त्याने किती वर्षं सोसली असेल…”

त्यानंतर आणखीही काही बोलले ते. त्या शेवटच्या भांडणाविषयी. आणि मग वळून, तिच्या तोंडाकडे न पाहता, हे कुणाला सांगू नकोस म्हणाले. मीच जाऊन सांगेन त्याला.

गेलेही होते एकदा. यशवंतपूरला उतरून रस्त्याच्या पलीकडून दुकान पाहिलं. काका पुढे टेबलाशी उभे राहून कापत होते, वर त्यांच्या नावाची पाटी होती. आप्पा रस्ता न ओलांडता परत आले. काय झालं, असं अव्वाने विचारलं तर एवढंच म्हणाले, की चांगला उजेड आहे तिथे.

तेरावा झाला. मांडव नाही, गर्दी नाही, आणि घर एकदम रिकामं वाटू लागलं. दुसऱ्या दिवशी हणमंतराव आले, फार अवघडून बसले, कापडाचं नाव काढायलाही त्यांना जड जात होतं. शेवटी अव्वानेच कोटाचा विषय काढला. काका खाली बघून, पहिल्यांदाच भावाचं नाव घेत म्हणाले, “अण्णाचं काम आहे. अर्धं राहता कामा नये. मी देतो करून.”

अनुसूया किल्ली घेऊन त्यांच्याबरोबर गेली. काका दुकानात शिरले आणि सवयीने मशीनकडेच वळले. मग भानावर येऊन आत गेले. टेबलावरची चादर काढली, बल्ब लावला, कात्री उचलली. वाकले, कापड तिरकं धरलं, बल्बखाली सरकवलं, उजव्या डोळ्याशी आणलं…

“स्वल्प थांब, जरा थांब,” ते स्वतःशीच म्हणाले आणि कापड घेऊन दाराशी गेले. तिथे रेघ स्वच्छ दिसत होती. पुन्हा आत आले. पुन्हा दिसेना.

“अनु, अण्णा इथे कापायचा? रोज?”

तिने मान हलवली. शेवटी शेवटी रेघा मी बघून सांगत होते, हेही सांगितलं. काकांनी तिच्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, मग झपाट्याने दाराशी जाऊन त्यांनी मशीन एका बाजूला ओढलं. खालच्या दगडी फरशीत झिजून चार खळगे पडले होते, टेबलाच्या पायांच्या अंतराचे. त्यांच्या वडिलांच्या वेळी टेबल तिथे होतं, साऱ्या पेठेसारखं, पुढे, उजेडात. काका त्या खळग्यांवर इतकी वर्षं पाय हलवत बसले होते आणि त्यांनी कधी खाली पाहिलं नव्हतं.

ते तिथेच फरशीवर बसले.

“मला वाटायचं, याने मला उंबऱ्याशी बसवलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं, की मी नोकर आणि तो मालक.” त्यांनी एका खळग्यावरून बोट फिरवलं. “माझा डोळा जपायला त्याने टेबल मागे नेलं, अनु. स्वतः अंधारात उभा राहिला. स्वतःचे दोन्ही डोळे घालवले. आणि मी… मी आठ वर्षं त्याच्या दारात आलो नाही.”

ते रडले, तेव्हा अनुसूयेलाही रडू आवरलं नाही. याच क्षणाची आप्पांनी किती वाट पाहिली होती. आता ते हवे होते. आता, इथे, टेबलाशी…

पण काका उठले ते वेगळेच होऊन. कात्री त्यांनी टेबलावर ठेवली आणि हात मागे घेतला. मी कापणार नाही, म्हणाले. हणमंतरावांना दुसरा मास्तर बघून देतो. यशवंतपूरचं दुकान बंद करतो आणि इथे येऊन मशीनवर बसतो, जिथे अण्णाने बसवलं होतं तिथे. कापायला एखादा चांगला माणूस ठेवू.

“पण काका, तुम्ही तर तिकडे रोज कापता.”

“खाकी कापतो. ते कुणीही कापेल.” मशीन ओढून त्यांनी पुन्हा जागेवर घेतलं आणि ते स्टुलावर बसले. “अण्णा बरोबर बोलला होता. त्याला काय माझं वाईट करायचं होतं? देवमाणूस होता तो. मीच हट्टाने कात्री धरली. आता पुन्हा धरणार नाही.”

सरी, बरं, असं म्हणून ती गप्प बसली असती तर चाललं असतं. तेरा दिवस सारी पेठ येऊन हेच सांगून गेली होती, देवमाणूस होता. अव्वा त्या शब्दाला धरून उभी होती. आप्पांचं आता तेवढंच तर उरलं होतं जगात. त्याला ओरखडा काढायचा, आणि तोही पोटच्या मुलीने, चितेची राख अजून गार होते न होते तोच? शिवाय त्यांनी सांगू नकोस म्हटलं होतं. मीच सांगेन म्हणाले होते… आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

स्टुलावर काकांची पाठ वाकली होती. दारातून येणारा उजेड त्यांच्या मानेवर, पिकल्या केसांवर पडला होता. आप्पा याच जागी उभे राहून ही पाठ पाहत असतील, असं तिच्या मनात आलं, आणि तिला कळलं, की आपण बोललो नाही तर ती पाठ आता कधीच सरळ होणार नाही. प्रेमाखाली दबून ती आप्पांचं ते एक वाक्य जन्मभर खरं करत राहील.

तिने कात्री उचलली. काकांच्या पुढे जाऊन, उजेडात उभी राहून तिने ती त्यांच्यासमोर धरली.

“काका, टेबल तुमच्यासाठी मागे नेलं, हे खरं आहे. पण त्या दिवशी आप्पा तुमच्या डोळ्यामुळे बोलले नाहीत. तुम्ही कापलेला कोट त्यांनी तुम्ही गेल्यावर पुन्हा मांडून पाहिला. मला म्हणाले, असा खांदा मला आयुष्यात कापता आला नाही. पाहिल्या क्षणीच कळलं होतं मला, म्हणाले, आणि मला भीती वाटली. ह्याच्या हाती कात्री गेली तर मी कोण, अशी भीती वाटली. म्हणून मी त्याच्या डोळ्यावर गेलो.” तिने कात्री आणखी पुढे केली. “माझे आप्पा चुकले, काका. तुमच्यावर त्यांचा फार जीव होता, आणि तरी ते तुमच्याशी वाईट वागले. हे त्यांना ठाऊक होतं. तुम्ही कापा.”