भिंतीकडून जाणारा

किनाऱ्यालगतच्या सायकलवाटेवर त्या वर्षी जितकी माणसे पडली, ती सगळी एकाच जागी पडली. सगळी समुद्राच्या बाजूला पडली. आणि सगळी स्वच्छ उजेडात, वारा पडलेला असताना, कोरड्या जमिनीवर पडली.

त्या जागेला देखभालीची माणसे ‘चिमटा’ म्हणत. शहराकडून येणारी वाट डोंगराच्या कोपऱ्याला वळसा घालते आणि तिथून किनारा कोयत्याच्या पात्यासारखा आत वाकत जातो. डावीकडे दरड थोपवून धरणारी उंच भिंत, उजवीकडे कमरेएवढा कठडा, कठड्याखाली खडक आणि पाणी. वळणापाशी वाट भिंतीला खेटून निघते. मग भिंत आणि वाट यांच्यामध्ये झुडपांचा रुंद पट्टा येतो, आणि किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे समुद्राने काठ खाल्ला म्हणून वाट मागे सरकवावी लागली, तिथे ती पुन्हा भिंतीला चिकटते. तो चिमटा. चालणारे आणि सायकलवाले, दोघांनाही त्यातूनच जावे लागे.

देखभाल विभागाची अभियंता आधी पदार्थविज्ञान शिकली होती, आणि ती सवय तिच्या अंगातून गेली नव्हती. ‘भूत’ हा शब्द कुणी उच्चारला की त्या माणसाकडची मोजमापाची साधने संपली, एवढाच बोध ती घेत असे. तिने चिमट्यातल्या जमिनीची पकड तपासली. ती वाटेवरच्या सर्वोत्तम जागांपैकी निघाली. उतार निर्दोष होता. गटाराची जाळी चाकाच्या दिशेला आडवी बसवलेली होती, म्हणजे जशी असावी तशी. वाळू नव्हती, शेवाळ नव्हते, तेल नव्हते. पडण्यासाठी याहून गैरसोयीची जागा शोधूनही सापडली नसती.

उरले पडलेले लोक. हात गळ्यात बांधलेल्या पाववाल्याला ती त्याच्या भट्टीमागच्या खोलीत जाऊन भेटली.

“मागून घंटी वाजली,” तो म्हणाला. “अगदी कानाशी. मी जागा दिली, बस्स.”

“कोणत्या बाजूला वाजली?”

“भिंतीकडे.”

“तुमच्या आणि भिंतीच्या मध्ये जागा किती होती?”

पाववाल्याने मोकळ्या हाताने हवेत अंतर दाखवले, मग ते थोडे कमी केले. “मांजर गेलं असतं. पण बाई, मांजराला घंटी नसते. आणि मी वळून पाहिलं तेव्हा मागे कुणीच नव्हतं. पुढेही नव्हतं.”

शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी हेच सांगितले. त्या कठड्यावरून पलीकडे गेल्या होत्या; भरती होती म्हणून पाण्यात पडल्या आणि वाचल्या. ओहोटी असती तर खाली खडकच होते. “कुणीतरी पुटपुटलं,” त्या म्हणाल्या. “शब्द कळले नाहीत. पण ते माझ्याशी बोलत नव्हतं, एवढं कळलं. त्याचीच भीती वाटली.”

भीतीला पाय फुटायला वेळ लागत नाही. एका सकाळी कठडा रंगवणाऱ्या मुकादमाने ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि घसा खाकरला.

“मॅडम, लोक म्हणतात तिथे एक बुडालेला आहे. त्याला सायकल पाहिजे.”

“त्याला म्हणावं, रीतसर अर्ज कर.”

“हसा तुम्ही. आमची पोरं चिमट्यात एकटी काम करत नाहीत हल्ली.”

“तुम्ही ऐकलंय का काही?”

मुकादमाने ब्रश उचलला. “मी कामाच्या वेळेत काही ऐकत नाही,” तो म्हणाला आणि पाठ फिरवून रंगवू लागला.

विभागाने आपल्या परीने हातपाय हलवले होते. आधल्या वर्षी जुन्या भिंतीचे दगड वाटेवर सुटून पडत, म्हणून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत गिलाव्याने लिंपून घेतली होती. गवंड्यांनी तिच्यावर असा हात फिरवला होता की विभागप्रमुखांनी तिच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेतला. मग पहिले दोघे पडले, तेव्हा वळणावर ठळक फलक लागला: ‘थांबा. घंटी वाजवा. मगच पुढे जा.’ लोक शहाणे. घाबरलेले लोक तर फारच शहाणे. सगळे थांबत, सगळे घंटी वाजवत. आणि त्यानंतर माणसे अधिकच पडू लागली.

विभागप्रमुख सरळ माणूस होते. “कारण द्या, मी वाट उघडी ठेवतो,” ते म्हणाले. “कारण नसेल, तर या आठवड्याअखेर सायकली बंद. पुढचा माणूस ओहोटीला पडला, तर त्याच्या घरच्यांना मी काय सांगू? जमिनीची पकड उत्तम होती?”

त्यांचे म्हणणे बरोबर होते, पण तिला ते मान्य करून चालणार नव्हते.

कारण वाटेच्या पलीकडच्या टोकाला, भूशिरावरच्या छोट्या घरात, तिची आत्या राहत होती. आत्याला कंपवात होता. उंबऱ्यापाशी आली की तिचे पाय जमिनीला खिळल्यासारखे थबकत. स्वयंपाकघरातून दारापर्यंत यायला तिला कधी कधी अख्खा चहा निवेपर्यंतचा वेळ लागे. पण तीनचाकी सायकलीवर बसवले की तेच पाय पेडल सुरेख फिरवत. डॉक्टरांनी सांगितले होते की असे होते. चालणे विसरलेला मेंदू पेडल विसरत नाही. लाल तीनचाकीवरून आत्या रोज शहरात जाई, वाचनालयात दोन मैत्रिणींशी भांडे आणि परत येई. ती वाट म्हणजे तिचे पाय होते.

“बंद करणार?” आत्याने विचारले. तिचा हात टेबलावर थरथरत होता, आवाज मात्र नाही. “मग मी काय करू? खिडकीत बसून लाटा मोजू?”

“आत्या, मी प्रयत्न करतेय.”

“प्रयत्न नको करूस. शोध. लहानपणी एक मोजा हरवला तर अख्खं घर उलटं करायचीस. आता एवढी मोठी इंजिनिअर झालीस आणि एक घंटी सापडत नाही?”

“घंटी आहे की नाही तेच ठरायचंय.”

“पाववाला लबाड आहे, पाव हलका देतो, पण तो उगीच पडणार नाही. पडला तर धंदा बुडतो.” आत्याने कप दोन्ही हातांनी धरला. “घंटी आहे. तू ऐक.”

हा युक्तिवाद शास्त्रशुद्ध नव्हता, पण त्यात खोट काढता येईना.

दुसऱ्या दिवशी, ऊन चांगले वर आल्यावर, अभियंता सायकल कठड्याला लावून चिमट्यात एकटी उभी राहिली. वारा नव्हता. पाणी तेलासारखे स्थिर होते. गिलाव्याची भिंत उन्हात पांढरी झाली होती आणि तिच्यातून ओल्या चुन्यासारखा मंद वास येत होता. वादळाच्या दिवसांत इथे एकही माणूस पडला नव्हता. हे तिला आधीपासून माहीत होते, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. अपघात खराब हवा पसंत करतात, असा तिचा अनुभव होता.

ती भिंतीजवळ सरकली. खांदा गिलाव्याला लागला.

काहीच झाले नाही. खाली खडकांत पाणी चुळबुळत होते. एक पक्षी कठड्यावर बसला, तिच्याकडे पाहून निघून गेला.

मग सायकलीची साखळी करकरली.

मागून आली ती, भिंतीच्या कडेने. हळूहळू जवळ येत गेली असे नव्हे. आधी नव्हती आणि मग होती, एकदम डाव्या कानापाशी.

तिने वळून पाहिले. वाट रिकामी होती.

कुणीतरी श्वास घेतला. थकलेला, म्हातारा श्वास.

मग घंटी वाजली.

आणि भिंत व तिचा खांदा यांच्यामधून, जिथे बोटभरही जागा नव्हती, तिथून एक आवाज अगदी मायेने म्हणाला, “चल गं. घर आलं.”

तिचे पाय सरकले. तिने ते सरकवले नव्हते. कमरेला कठडा लागला तेव्हा तिला कळले की आपण वाट ओलांडून समुद्राच्या बाजूला आलो आहोत.

तो आवाज आत्याचा होता.

एक क्षण, आणि तो क्षण ती पुढे कुणालाही सांगणार नव्हती, तिने आत्या गेली असे मानले. तिने पूर्ण मानले. भूशिरावरच्या घरात कलंडलेली खुर्ची तिला दिसलीसुद्धा.

मग सवयीने तिचा प्रश्न आला: आत्या या वेळी कुठे असते?

शहरातून परतत असते.

तिने पाण्यापलीकडे पाहिले. कोयत्याच्या दुसऱ्या टोकाला, वळणावर, फलकाखाली, एक लाल ठिपका थांबला होता.

ती परत भिंतीपाशी गेली. कान गिलाव्याजवळ नेला. साखळीची करकर, तोच श्वास, आणि तीनचाकीशी चाललेली आत्याची कुरबुर: “आज काय झालंय तुला? तेल पाहिजे का? देते, घरी चल.”

अभियंता भिंतीकडे तोंड करून साध्या आवाजात म्हणाली, “आत्या?”

दूरवर लाल ठिपका दचकला.

“अगं बाई!” कानात आवाज आला. “कुठे आहेस तू?”

“चिमट्यात. समोर बघ, पाण्यापलीकडे. हात हलवतेय.”

मग, दबक्या सुरात: “मेलीबिली नाहीस ना?”

“नाही. तू?”

“मी कशाला मरतेय!” आत्या म्हणाली. “मग कानात कशी बोलतेस?”

आणि त्या निर्मनुष्य वाटेवर, भिंतीला कपाळ टेकून, अभियंता मोठमोठ्याने हसू लागली. पलीकडून आत्याही हसली. ते हसू तिच्या कानात असे उमटले की जणू दोघी एकाच पांघरुणाखाली होत्या.

विभागप्रमुखांना तिने कारण सांगितले नाही. ते कागदावर पटण्यासारखे नव्हते. शुक्रवारी सकाळी, वारा पडलेला पाहून, तिने त्यांना त्यांच्याच सायकलीवर बसवले आणि चिमट्यातून सावकाश जायला सांगितले. पुढे-मागे कुणी नाही हे त्यांनी दोनदा पाहून घेतले. कठड्याशी मुकादम दोन्ही हात पसरून उभा होता, साहेब पडलेच तर धरायला.

भिंतीलगत घंटी खणखणली. साहेबांची मान आखडली.

“साहेब,” एक म्हातारा आवाज त्यांच्या डाव्या कानात म्हणाला, “जरा सरका. माझी वाट अडवू नका.”

साहेब सरकले. सायकलीसकट, थेट मुकादमाच्या मिठीत.

“कोण आहे?” त्यांनी विचारले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “कोण आहे तिथे?”

“माझी आत्या,” अभियंता म्हणाली आणि तिने पाण्यापलीकडे बोट दाखवले.

लाल ठिपक्यावरून कुणीतरी ओढणी हलवत होते. मुकादमाने साहेबांना अजून सोडले नव्हते. तो आ वासून पाहत होता. मग तो एकाएकी भिंतीपाशी गेला आणि हळूच म्हणाला, “आजी, ऐकू येतंय का?”

“येतंय!” भिंत म्हणाली. “ओरडू नकोस, बहिरी नाहीये मी.”

वाट बंद झाली नाही. मुकादमाच्या माणसांनी, ज्यांना तिथे एकटे काम करायची भीती वाटत होती त्यांनीच, गाणी म्हणत छिन्नीने तो सुंदर गिलावा जागोजाग फोडून खडबडीत केला. भिंतीवर वेल चढवले. फलक काढून टाकला. साहेबांनी पहिला घाव स्वतः घातला आणि त्याचाही फोटो काढून घेतला.

काम संपले त्या दिवशी पाववाला, चित्रकलेच्या बाई आणि बाकीचे पडलेले लोक सायकली घेऊन आले. सगळ्यांच्या पुढे आत्याची तीनचाकी होती. ती चिमट्यातून गेली ती भिंतीला अगदी घासून, हँडल न हलवता, ताठ मानेने. मागून घंट्यांचा नुसता कल्लोळ चालला होता, आणि प्रत्येक घंटी जिथे वाजत होती तिथूनच ऐकू येत होती. कुणीही सरकले नाही.

भूशिरावर पोचल्यावर आत्याने ब्रेक दाबला. मग मान वळवून तिने पाण्यापलीकडच्या वळणाकडे पाहिले.

“मी त्या वळणावर रोज घंटी वाजवायचे,” ती म्हणाली. “रोज.”

“सगळेच वाजवायचे, आत्या. आम्हीच सांगितलं होतं.”

“पण चित्रकलेच्या बाई पाण्यात पडल्या, त्या दिवशी वळणावर मीच होते का?”

भाचीने तिला उतरायला हात दिला. त्या प्रश्नाचे उत्तर तिला ठाऊक नव्हते. कुणालाच कधी ठाऊक होणार नव्हते.

बाकी सगळे कारण ठाऊक होते, आणि विभागाने ते पुढे नोंदवले ते असे. आत वाकलेल्या गुळगुळीत भिंतीच्या एका टोकाला काढलेला आवाज, हवा स्थिर असेल तर, भिंतीला धरून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा पोचतो. चिमट्यातल्या सायकलस्वाराला तो आपल्या आणि भिंतीच्या मधून आल्यासारखा वाटे, आणि तो समुद्राकडे सरके. सुटणाऱ्या दगडांपासून लोकांना वाचवण्यासाठी भिंत विभागाने गुळगुळीत केली होती. जे पडले, त्यांना ढकलणारा माणूस प्रत्येक वेळी पाण्यापलीकडे, भर उजेडात, सर्वांना दिसेल असा थांबलेला होता; फलक लागल्यापासून तर तो विभागाचाच नियम पाळत होता, आणि कोणी पडल्याचे त्याला तिथून कळतही नव्हते.