टण्ण वाजणारी साखळी

"काका, साखळी पुन्हा सैल झालीय! गाडी थांबवा ना!"

"पुन्हा तेच? आत्ताच तर थांबलो होतो!" काकांनी मोटारीचा वेग जराही कमी केला नाही.

भिंगरीनं दातओठ खाल्ले. पुढच्या ट्रकवर आजोबांचा जुना लाल ट्रॅक्टर चालला होता, डोंगरापलीकडच्या आत्याच्या शेतावर. आजोबा कालच तिकडे गेले होते. जाताना तिला म्हणाले होते, "माझ्या म्हाताऱ्याला सांभाळून आण गं!" आणि इथं कुणी तिचं ऐकेल तर शपथ!

"तुम्ही पोरंच मघाशी वर चढून नाचला असाल," काका म्हणाले.

"आम्ही? आम्ही तर गाडीतच होतो!" तिचा भाऊ लंबू उसळला.

"गप्प बसा रे!"

भिंगरीला रडूच यायला लागलं. सकाळी ट्रकच्या ड्रायव्हरनं ट्रॅक्टर बांधलेली साखळी पान्यानं ठोकून दाखवली होती. टण्ण! "अशी वाजतेय तोवर हत्तीसुद्धा हलायचा नाही," अशी फुशारकीही मारली होती. पहिल्याच थांब्यावर ती लोंबायला लागली. त्यानं कुरकुरत पुन्हा आवळली, तरी आता तेच! शिवाय सकाळी सरळ उभा असलेला ट्रॅक्टर डावीकडे कललेला दिसत होता. आणि पुढे डोंगराचा तीव्र उतार होता.

उताराआधी चहासाठी गाड्या थांबल्या. काकांनी पेपर उघडला. भिंगरी थेट ड्रायव्हरसमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, सकाळसारखी साखळी वाजवून दाखवा ना! लंबूला व्हिडिओ काढायचाय."

"हात्तिच्या, एवढंच ना?" ड्रायव्हर मिशीवर ताव देत उठला. त्यानं पाना उचलून ठोकला.

थप्.

पुन्हा ठोकला. थप्!

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. "पण मी स्वतः आवळली होती!"

"तेच तर मघापासून घसा फोडून सांगतेय!" भिंगरी कडाडली. "साखळीला काही झालेलं नाही, ट्रॅक्टरच खाली बसतोय! डावं मागचं चाक बघा!"

लंबूनं साबणाचं पाणी आणून चाकावर ओतलं. व्हॉल्व्हपाशी फसफसून फुगे आले. हवा जात होती, ट्रॅक्टर खचत होता आणि साखळी ढिली पडत होती!

काका पेपर टाकून धावत आले. त्या उताराकडे बघून त्यांना घामच फुटला.

ड्रायव्हरनं जॅक लावला, ट्रॅक्टरच्या आसाखाली लाकडी ठोकळे सरकवले आणि साखळ्या आवळल्या. "आता टायर पार बसलं तरी ट्रॅक्टर बसणार नाही," तो म्हणाला. मग त्यानं पाना भिंगरीच्या हातात दिला. "तूच बघ."

टण्ण!

संध्याकाळी आत्याच्या अंगणात आजोबांनी बसलेलं टायर आणि ठोकळे पाहिले, ट्रॅक्टरवरून हात फिरवला. "साखळ्यांवर लक्ष कुणी ठेवलं?"

"भिंगरीनं," काका खाली बघत म्हणाले. "आणि मी तिलाच गप्प बसवत होतो."

"शाब्बास गं माझी वाघीण!" आजोबा म्हणाले. "मग आता उतरवतानाही हिचंच ऐकायचं. बोल, आधी काय करायचं?"

सगळी मोठी माणसं भिंगरीच्या तोंडाकडे बघत थांबली.

"आधी काका," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही त्या चाकासमोरून बाजूला व्हा!"

आणि काका निमूटपणे बाजूला झाले.