एकतीस नंबरची नळी

कल्याणहून ठाण्यात खोपटपर्यंत एसटी आणि तिथून कोलशेतला रिक्षा. काम तसं साधंच होतं. एक जुनी बंदूक बघायची, पटली तर घ्यायची. कुंडलिकने घरी मंजुळाला सांगितलं होतं की जुन्या मित्राला भेटून येतो. खोटं बोलणं त्याला जमत नसे, म्हणून चपला घालताना तो तिच्याकडे बघत नव्हता. तिनेही फार खोदून विचारलं नाही.

ऋतुराज नावाच्या तिशीतल्या तरुणाचं गोदाम खाडीच्या बाजूला होतं. सैन्याने मोडीत काढलेलं सामान तो विकत घेई, काही सिरियलवाल्यांना भाड्याने देई, काही हौशी लोकांना विकी. भिंतीला ओळीने जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली टेकवलेल्या होत्या. सगळ्यांच्या नळ्या तोंडाशी वेल्डिंग करून बुजवलेल्या, सोबत तसा दाखला. गोळी झाडायची नाही, दिवाणखान्यात टांगायची.

कुंडलिक खाली वाकून एकेकीच्या लाकडी दस्त्यावरचा पांढरा आकडा वाचत गेला. सातवीपाशी थांबला. एकतीस.

"ही."

"काका, ती नका घेऊ," ऋतुराज म्हणाला. "दोनदा परत आलीय. शूटिंगवाले म्हणतात, हिची नळी उघडी आहे, आतून उजेड दिसतो. अहो, मी स्वतः उभा राहून वेल्डिंग करून घेतलंय! दुसरी देतो ना, हिच्याहून चकाचक."

"हीच," कुंडलिक म्हणाला. मग, पोराला वाईट वाटू नये म्हणून, "हिची आमची ओळख आहे."

फौजेतून हवालदार म्हणून बाहेर पडल्यावर कुंडलिक कल्याणच्या एका कॉलेजात एनसीसीच्या रायफली सांभाळत असे. त्या मोडीत निघून ऋतुराजकडे आल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. रायफलींच्या खोलीला फौजेत कोत म्हणतात. कोतचा नियम एकच: परेड संपली की ज्याने त्याने आपली रायफल साफ करून दाखवायची. दोरीला चिंधी बांधून ती नळीतून ओढायची, बोल्ट उघडायचा आणि मागच्या भोकाशी अंगठ्याचं नख धरायचं. नखावर पडलेला उजेड नळीत परततो आणि समोरून डोळा लावणाऱ्या उस्तादाला, म्हणजे शिकवणाऱ्या हवालदाराला, नळी आतून लख्ख दिसते. उस्ताद 'साफ' म्हणेपर्यंत अंगठा हलवायचा नाही. मग पाय दुखोत, डास चावोत.

संदेश, त्याचा एकुलता एक मुलगा, त्याच कॉलेजात शिकत होता. घरी पप्पा, मैदानावर उस्ताद. त्याच्या रायफलीचा नंबर एकतीस. त्या आकड्याचा पोराला इतका अभिमान, की त्याने तो डब्यावर, वह्यांवर, सायकलच्या मडगार्डवरसुद्धा रंगवला होता. नऊ वर्षांपूर्वी, सव्वीस जानेवारीची तालीम करून संध्याकाळी घरी येताना त्याच सायकलवर तो टँकरखाली गेला. एकोणीस वर्षांचा होता.

कुंडलिकने रायफल चादरीत गुंडाळून घरी आणली. मंजुळाने चादर सोडली, आकडा वाचला आणि त्याच्यावरून बोट फिरवलं.

"कशाला आणलीत हो ही?"

"कुणाच्या तरी भिंतीला टांगली गेली असती, मंजुळा."

ती पदराने दस्ता पुसत राहिली, जेवायला बसवण्याआधी पोराचं तोंड पुसतात तसा.

दिवेलागणीला कुंडलिकने ती गॅलरीत नेली. पायावर आडवी घेतली, तेलाचा हात फिरवला. आणि जुन्या सवयीने नळीचं तोंड डोळ्याशी नेलं. तिथे वेल्डिंगचा खडबडीत गोळा होता, बोटाला लागत होता. पण डोळा टेकवला तर आत उजेड होता. नळी आतून आरशासारखी चमकत होती. तेलाचा वास, त्यात मैदानावरच्या धुळीचा. आणि पलीकडच्या टोकाला... नख.

अंगठ्याचं नख. मुळाशी काळी चंद्रकोर.

कुंडलिकने ती ओळखली. अपघाताच्या तीन दिवस आधी कोतच्या लोखंडी दारात संदेशचा अंगठा चेमटला होता. त्याच्या आईने हळद लावली होती.

त्याने रायफल वळवून मागची बाजू बघितली. बोल्ट उघडा, भोक रिकामं. पुन्हा पुढून बघितलं. नख तिथेच. शिस्तीत, न हलता.

त्याने मंजुळाला हाक मारली. तिने डोळा लावला, बराच वेळ बघितलं. "मला नुसतं लोखंड दिसतंय," ती म्हणाली. आवाजात भीती नव्हती, हेवा होता.

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला तो गॅलरीत बसू लागला. दिवाळी गेली, थंडी गेली. नखावरची काळी चंद्रकोर हळूहळू वर सरकत होती, जित्या माणसाच्या नखावरचा डाग सरकतो तशी. आधी कुंडलिकला त्याचा आनंद झाला. पोरगा कुठेतरी वाढतोय, असं त्याच्या मनाने घेतलं. उन्हाळ्यात डाग नखाच्या टोकाला पोचला. आणि मग एका संध्याकाळी त्याला दिसलं, की अंगठा थरथरतोय. फार वेळ उभ्या राहिलेल्या पोराचा थरथरतो तसा.

तो रायफल मांडीवर घेऊन रडायला लागला. मंजुळा धावत बाहेर आली.

"काय झालं? अहो, काय दिसलं?"

"उभा आहे तो. अजून उभा आहे..."

"कशासाठी?"

"मी साफ म्हणावं म्हणून."

"मग म्हणा की! इतके महिने का नाही म्हणालात?"

"म्हटलं तर जाईल ना गं तो."

मंजुळा त्याच्यासमोर फरशीवर बसली. नऊ वर्षांत जे तिला सांगितलं नव्हतं, ते कुंडलिकने तेव्हा सांगितलं. अपघाताच्या त्या संध्याकाळी संदेशने नळी दाखवली, तेव्हा मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं होतं. घरचाच उस्ताद, म्हणालं होतं कुणीतरी. कुंडलिकला ते झोंबलं. त्याने मोठ्याने सांगितलं, घाण आहे, चिंधी परत मार. बरोबरची पोरं निघून गेली. संदेश एकटा अर्धा तास चिंधी ओढत बसला. परत दाखवायला आला, तेव्हा कुंडलिकने डोळासुद्धा लावला नाही. नुसतं म्हणाला, ठेव. आणि पोरगा अंधारात एकटा सायकलवर निघाला.

"पहिल्यांदा दाखवली तेव्हा कशी होती नळी?" मंजुळाने विचारलं.

"साफ होती."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू केली. ती गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळली.

"नऊ वर्षं मी त्या टँकरवाल्याला शिव्या देतेय," मंजुळा म्हणाली. मग तिने डोळे पुसले. "तुमचं आणि माझं काय ते नंतर. आधी त्याला मोकळं करा. पाय दुखत असतील त्याचे."

कुंडलिक उभा राहिला. नळी डोळ्याशी नेली. थरथरणारं नख दिसत होतं. तो शेवटी म्हणाला, "साफ. एकदम साफ आहे, बाळा... पहिल्यांदा दाखवलीस तेव्हाही साफच होती."

अंगठा थांबला. मग अलगद बाजूला झाला. क्षणभर नळीतून संध्याकाळचं मोकळं आभाळ दिसलं, आणि डोळ्यासमोर काळंकभिन्न लोखंड आलं.

त्या रात्री मंजुळा आतल्या खोलीत झोपली. दोघंही जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कुंडलिकने भिंतीला खिळे ठोकले. टांगण्याआधी एकदा तेल द्यावं म्हणून दिवेलागणीला रायफल गॅलरीत घेतली. मागच्या भोकात तेल पुसताना त्याचा अंगठा आत टेकला आणि नखावर उजेड पडला. बुजवलेल्या नळीतून, समोरून आलेला. कुंडलिकने हात काढला नाही.

तेवढ्यात तो उजेड झाकला गेला. समोरून कुणीतरी डोळा लावल्यासारखा.

कुंडलिकचे पाय आपोआप जुळले. त्रेसष्ट वर्षांची पाठ ताठ झाली.

"अहो, चहा," मंजुळा दारात येऊन म्हणाली. दिवसभरातला तिचा तो पहिला शब्द. त्याने मान वळवली नाही. तिने त्याच्या अंगठ्याकडे बघितलं, नळीच्या तोंडाकडे बघितलं, आणि कप कठड्यावर ठेवून ती तिथेच उभी राहिली.

चहावर साय धरली. खालचे दिवे लागले. नळीच्या त्या टोकाला कुणीतरी श्वास घेत होतं, सावकाश, अगदी मन लावून बघणाऱ्या माणसासारखं. कुंडलिकचा अंगठा आता थरथरायला लागला होता. समोरून 'साफ' हा शब्द काही येत नव्हता.