दार जवळ वाटतंय

त्याला जायचं होतं वरच्या मजल्यावर. लिफ्ट बिघडली आणि तो आमच्या मजल्यावर उतरला. मी त्याच्या हातात व्हीआर गॉगल कोंबला.

"जरा घालून बघता? जळत्या इमारतीतली खोली आहे. अग्निशमन दलाच्या सरावासाठी."

माझी खोली! मीच कॉम्प्युटरवर धुरासकट उभी केलेली. त्याने मान वळवली... थांबला... हसला.

"छान आहे. फक्त दार जवळ वाटतंय."

"मापं अचूक आहेत!"

"मापं असतील हो. पण डोळ्यांचं काय?"

काय हा आगाऊपणा! नंतर कळलं, नजरेला अंतर किती वाटतं हे तपासायलाच त्याला नेमलं होतं. मग रोज खाली यायचा, माझीच कॉफी प्यायचा आणि माझ्याशीच भांडायचा. दिसायला बरा होता, म्हणून जास्तच राग यायचा.

आणि आज त्याने चाचणीला माझ्या दादालाच उभं केलं. दादा अग्निशमन दलात आहे. गॉगलमधून दार बघायचं, मग डोळे मिटून रिकाम्या हॉलमध्ये तिथवर चालायचं. दादा तरातरा गेला, थांबला आणि हवेतच कडी चाचपू लागला. दाराची जागा अजून बरीच पुढे होती. साहेबांनी तिथल्या तिथे माझं काम थांबवलं.

मी तणतणत जिना चढून त्याला गाठलं.

"माझ्याच भावाला? सगळ्यांसमोर? आधी मला सांगता येत नव्हतं?"

"रोज सांगत होतो! तुम्ही ऐकत कुठे होतात?"

"म्हणून माझं नाक कापलंत?"

"हो, कापलं!" तो पहिल्यांदाच ओरडला. "इथे चुकीची सवय लागली आणि खऱ्या धुरात ते असेच अलीकडे चाचपडत राहिले तर? कुठल्या तोंडाने बघू तुमच्याकडे? मला तुम्ही आवडता... आणि तुमचा सख्खा भाऊ–"

मला रडू फुटलं, निव्वळ रागाने. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि ते त्याच्याच तोंडून ऐकावं लागलं याचा तर संतापच आला.

"खोली दुरुस्त करायचीय. तुम्ही मदत करायची," मी डोळे पुसत बजावलं. "दादा पुन्हा चालेल. तोवर मी तुमच्याशी धड बोलणार नाही."

"आणि त्यांना दार सापडलं की?"

"मग... आईला भेटायला या. पोरीला रडवलंत का, असं विचारेल ती. खरं काय ते सांगा. खोटं तुम्हाला बोलताच येत नाही... तेच तर मेलं आवडतं मला!"