ब्रिगेडियरचं वजन

प्राण्यांच्या दवाखान्याचं दार ढकलून आधी कुत्रा आत आला. मग पट्टा आला... आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, ओढला जात, फर्गस आला. बाहेर टास्मानियाचा खारा वारा सुटला होता. त्याचे केस चारी दिशांना उभे होते. नर्स ब्रायनीने वर पाहिलं, आणि हातातलं पेन कुठे ठेवलं ते तिला दिवसभर आठवलं नाही.

"हा ब्रिगेडियर. आजीचा," तो म्हणाला. "ती वृद्धांच्या वसाहतीत राहायला चाललीय. तिथे दहा किलोच्या वरचा कुत्रा चालत नाही."

लांबोडका, आखूड पायांचा डॅक्सहुंड. पोटाने फरशी पुसत चालला होता.

"खातो काय?"

"आजी म्हणते, काहीच नाही. लोणी लावलेला टोस्ट, सॉसेज, चीज... बाकी उपाशीच असतो."

काट्यावर ठेवताच ब्रिगेडियरने असा गळा काढला की बाहेरची मंडळी खिडकीशी जमली. ब्रायनी म्हणाली, "तू त्याला उचलून घे आणि काट्यावर उभा राहा. तुझं वजन मग वजा करू. किती आहे?"

"अठ्ठ्याहत्तर."

"खरं सांग हं."

"तुझ्याशी पहिल्याच दिवशी खोटं बोलू?"

त्या 'पहिल्याच'ने ब्रायनीचे कान लाल झाले.

मग दर गुरुवारी हेच. ब्रिगेडियरला मोजून खाणं, बक्षीस म्हणून गाजराचा तुकडा, संध्याकाळी किनाऱ्यावर फेरी. तरी काटा खाली यायचं नाव घेईना. उलट चढतच होता!

"चोरून चारतोस त्याला!"

"आजीची शपथ, नाही!"

"मग आजी चारते."

"ती तर माझी शपथ घेते."

शनिवारी आजी वसाहतीत जाणार होती. वजन उतरलं नाही तर ब्रिगेडियर पार उत्तरेला, डार्विन शहरात, मावसभावाकडे. आजीने मुसमुसत त्याची उशीसुद्धा बांधून ठेवली होती. शेवटच्या गुरुवारी फर्गसचा चेहरा पडला होता. काटा पुन्हा वर.

ब्रायनीने कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवला. बरगड्या बोटांना लागत होत्या. वरून पाहिलं तर चक्क कंबर दिसत होती! ती थबकली. वजन उतरलं की फर्गसचं येणं बंद, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण आजीचा जीव त्या कुत्र्यात होता.

"दे इकडे त्याला. मी उभी राहते काट्यावर. आणि तू... तिकडे तोंड कर."

"का?"

"माझा आकडा बघायचा नाही!"

ती आधी एकटी उभी राहिली, मग ब्रिगेडियरला घेऊन. हिशेब केला आणि ओरडलीच, "साडेनऊ! फर्गस, हा कधीच बारीक झालाय!"

"मग वाढलं कोण?"

दोघांची नजर एकदमच फर्गसच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांवर गेली. पहिल्या दिवशी सांगितलेले अठ्ठ्याहत्तरच दर गुरुवारी वजा होत होते; त्याचं वजन पुन्हा कुणी पाहिलंच नव्हतं.

"समोरची बेकरी..." तो पुटपुटला. "तिथल्या खिडकीतून तू दिसतेस. नुसतं बसलं की मालकीणबाई उठवतात. म्हणून मग रोज एक क्रीमची पेस्ट्री..."

"रोज?"

"तू केस मोकळे सोडतेस त्या दिवशी दोन."

ब्रायनीला हसू आवरेना. "अरे वेड्या, सरळ आत यायचं नाही?"

"निमित्त गुरुवारचंच होतं ना. आता तेही संपलं." त्याने पट्टा उचलला. "आजी खूश होईल. थँक्यू..."

तो दारापर्यंत पोचला, तोच ब्रायनी पुढे धावली.

"थांब! कुत्रा बारीक झाला म्हणून वाईट वाटणारी नर्स पाहिलीयस कधी?"

तो वळला. "नाही..."

"मग नीट बघून घे. मला आवडतोस तू. वाढलेल्या वजनासकट."

फर्गसच्या हातून पट्टा सुटला. "मग... उद्या येऊ? निमित्ताशिवाय?"

"ये. पण बेकरीत न शिरता, उपाशीपोटी ये," ब्रायनी म्हणाली. "जेवायला मी घालीन. मोजून."